बैलशक्ती

एक पूर्णांक नऊ लिटर. टर्बो आहे, पण दमेकरी.
पिकअपच्या कागदांवर लिहिलंय :
ब्रेकवाला ट्रेलर असेल तर दीड हजार किलो ओढा.
ट्रेलर मी मोजला, पाचशे वीस.
क्लावेलसाठी काटा नव्हता.
बाबांनी त्याच्या छातीभोवती दोरी फिरवली,
दोरी वितीनं मोजली, डोळे मिटले,
म्हणाले, नऊशे.
एरवी साडेनऊशे भरला असता, हल्ली खात नाही.

चौदाशे वीस. बसतंय.

कास्त्रोच्या गॅरेजात मी अकरा वर्षं इंजिनं उघडते.
पोरं येतात, विचारतात, किती अश्वशक्ती?
मी म्हणते, घोडे कशाला मोजता, टॉर्क विचारा.
भरल्या हातगाडीचा दांडा चढावर धरला
की मनगटात जे उतरतं, ते विचारा.
डिझेल ते खालच्या फेऱ्यांतच देतं,
अठराशेला, आरडाओरडा न करता.
बाबांनी हे एकदाच ऐकलं होतं.
म्हणजे बैल, म्हणाले, आणि सूप ओढू लागले.

आमच्या चिलोए बेटावर माणसं घर बदलत नाहीत,
घर जागा बदलतं.
खाली ओंडके घालायचे, सगळ्या गावानं जमायचं,
पुढे बैलांच्या जोड्या.
विधवा बारीआचं घर बाबांनी असंच टेकडीवरून किनाऱ्यावर आणलं,
सहा जोड्या, दीड दिवस,
खिडक्यांचे पडदेसुद्धा काढले नव्हते.
सगळ्यात पुढे डावीकडे क्लावेल, उजवीकडे नावीओ.
नावीओ गेल्या जुलैत गेला, गारठ्यात, उभ्याउभ्या.
एकट्या बैलाला काम नसतं.
म्हणून हा आत्याच्या कुरणावर निघालाय.

ट्रेलरमध्ये चढला आणि डाव्या फळीला चिकटला.
मधे ये म्हटलं, ढकललं, गूळ दाखवावा तसं बीट दाखवलं.
नाही.
उजवीकडे एका बैलाची जागा त्यानं मोकळी ठेवली होती.
डावं टायर फुगलं, हुकवर ताण तिरका आला.
असा ट्रेलर वळणावर शेपूट मारतो.
मग उजवीकडे बटाट्याची सहा पोती रचली,
पन्नास पन्नास किलोची.
सतराशे वीस.
कागद मी डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकले
आणि कप्पा नीट लावून घेतला.

चढ बारीआच्या फाटकापासूनच सुरू होतो. खडी, वर ओली.
तिसरा गिअर, दुसरा, पहिला.
मागे काळा धूर, आत क्लचचा जळका वास,
तापमानाचा काटा लाल रेघेला टेकलेला.
अर्ध्यात मी हँडब्रेक ओढला.
बाबा काही बोलले नाहीत. उतरले, फळी पाडली.

पोती फाटकाशी ठेवून आलो,
बारीआच्या सुनेला म्हटलं, घ्या, यंदा जास्त झालेत.
(झाले नव्हते.)

क्लावेल चढ चालत गेला. डाव्या कडेनं.
बाबा त्याच्या उजवीकडे,
ना दोर, ना हाक,
नुसते त्या मोकळ्या जागेतून चालत.
मी रिकामा ट्रेलर घेऊन मागे, पहिल्या गिअरमध्ये,
दोघांच्या चालीनं.
इंजिनाला हा वेग आवडला, काटा खाली आला.

माथ्यावर तो चढेना.
बाबा आधी आत शिरले, उजवीकडे उभे राहिले,
मग चढला.
मी म्हटलं, असं चालत नाही, पोलीस धरतील.
ते म्हणाले, धरू देत, मी कुठे पळतोय?

बाबांचं वजन अडुसष्ट. नऊशेसमोर अडुसष्ट,
एवढ्यानं तोल येत नाही, हे गणित मला येतं.
पण आरशात पाहिलं तेव्हा
क्लावेल एक पाऊल उजवीकडे सरकला होता.

उताराला मी दुसराच गिअर ठेवला.
ओढण्यापेक्षा आवरणं अवघड, ते इंजिनावर सोडलं.
ते कण्हत, धरून धरून,
तिघांना खाली घेऊन आलं.